खोडदच्या रस्त्यावरचं रेगेन्सबुर्ग

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले तेव्हा माझं वय छत्तीस होतं. त्या वयात माणसाची नापास व्हायची सवय पार मोडलेली असते.

परीक्षा होती वाटाड्याची. रेगेन्सबुर्ग हे जर्मनीतलं डॅन्यूब नदीच्या काठचं जुनं शहर. रोमन सैन्याने बांधलेल्या वेशीपासून व्यापाऱ्यांच्या उंच मनोऱ्यांपर्यंत तिथं पुष्कळ काही अजून उभं आहे आणि ते बघायला जगभरातून माणसं येतात. त्यांना दीड-दोन तास पायी फिरवून शहर दाखवणारे वाटाडे असतात. मात्र कुणीही उठून हे काम करू शकत नाही. आधी अभ्यासक्रम, मग लेखी पेपर आणि शेवटी चालती परीक्षा. परीक्षक तुमच्याबरोबर शहरातून चालतात, पिशवीतून चिठ्ठी काढायला लावतात. चिठ्ठीवर ज्या जागेचं नाव निघेल तिच्यासमोर उभं राहून बोलायचं.

मी मूळची नारायणगावजवळच्या खोडदची. पुण्यात कॉलेजला असताना जर्मन शिकले, मग बरीच वर्षं एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर केलं. नवऱ्याला रेगेन्सबुर्गला नोकरी लागली म्हणून आम्ही तिकडे गेलो. तिथल्या गल्ल्यांतून भाजी आणायला जाता-येता मी वाटाड्यांच्या घोळक्यांमागे रेंगाळायचे, चोरून ऐकायचे. चौथ्या वर्षी धीर करून अभ्यासक्रमाला नाव घातलं. लेखी पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. त्यामुळे चालत्या परीक्षेला मी जरा तोऱ्यातच गेले.

चिठ्ठी निघाली नदीवरच्या दगडी पुलाची. पूल साडेआठशे वर्षांहून जुना. मी पुलाकडे तोंड करून उभी राहिले आणि सुरू झाले. कमानी किती, लांबी किती, दगड कुठला, राजा कोण, बिशप कोण. एकही चूक केली नाही. माझं संपल्यावर मुख्य परीक्षक बाई, सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, कागदावर काहीतरी टिपून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला सगळं माहीत आहे. पण तुम्ही हे कुणाला सांगत होता?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "तुम्हाला."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुलाला सांगत होता. पुलाला हे आधीच माहीत आहे."

सहा महिन्यांनी पुन्हा बसता येईल, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी दोन दिवस टिपणांच्या वह्यांना हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलंय, तू येशील का? मी त्याच आठवड्यात निघाले. खरं सांगायचं तर आईसाठी जितकी निघाले तितकीच त्या पुलापासून लांब जायला निघाले.

नारायणगावला ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी आईला खोडदला घरी आणलं. डॉक्टरांनी तिला निक्षून सांगितलं होतं, रोज चालायचं, रोज थोडं वाढवायचं. घरात असेपर्यंत ती वॉकर धरून चालली. अंगणाबाहेर काढायची वेळ आली तेव्हा मात्र ती ओट्यावर बसली ती उठेचना.

"चालून जायचं कुठं?" ती म्हणाली.

"कुठं नाही. नुसतं चालायचं. व्यायाम."

"नुसतं कोन चालतं? काम असलं म्हंजी मानूस चालतो. उगीच रस्त्यानं हिंडाया मी काय येडी हाय का?"

तिचंही बरोबर होतं. चाळीस वर्षांत ती रानात गेली, विहिरीवर गेली, डेअरीत दूध घालायला गेली, बाजाराला गेली. फिरायला कधी गेली नव्हती. वडिलांनी समजावलं, मी समजावलं, शेजारच्या घरातून काकी, म्हणजे माझी चुलती, येऊन ओरडून गेली. काही उपयोग झाला नाही. चार दिवसांत गुडघा आखडायला लागला आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच राहिलं तर ऑपरेशन करून न केल्यासारखं होईल.

पाचव्या दिवशी सकाळी मी वैतागून म्हटलं, "काम पाहिजे ना तुला? मग माझं काम कर. माझी परीक्षा आहे. मला रेगेन्सबुर्ग कुणाला तरी दाखवायचंय. तू चल."

"इथं कुठं दावतीस?"

"इथंच. रस्त्यानं."

नापास झाल्याचं मी घरी सांगितलंच नव्हतं. ते त्या दिवशी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वॉकर ओढला आणि म्हणाली, "चल मंग. बघू कुठं अडलंय ते."

सूर्य चांगला वर आला होता. बिबट्याच्या भीतीने आमच्याकडे उजाडल्याबरोबर कुणी उसाच्या कडेने चालत नाही. फाटकापासून मी सुरुवात केली. आमचं फाटक ही रोमन वेस, असं ठरवलं. रोमन सैन्य कुठून आलं, छावणी केवढी होती, वेशीला दगड कसे वापरले, मी बोलत राहिले. आई वीसेक पावलं चालली आणि थांबली.

"गुडघा दुखतोय. घरी चल."

दुसऱ्या दिवशीही तेच. वीस पावलं, दुखणं, घर. तिसऱ्या दिवशी ती मधेच म्हणाली, "त्या सैन्यातल्या मानसांची बायकापोरं कुठं व्हती?"

पुस्तकात वाचलेलं मला आठवत होतं, परीक्षेत कुणी विचारत नाही म्हणून मागे टाकलेलं. सैनिकांना लग्न करायला बंदी होती, तरी छावणीच्या भिंतीबाहेर त्यांच्या बायका राहायच्या, तिथंच पोरं व्हायची, तिथंच दुकानं, तिथंच स्वयंपाक. खरं गाव भिंतीबाहेर वाढलं. मी हे सांगत होते आणि आई चालत होती. तिला भिंतीबाहेरच्या बायकांबद्दल सगळं हवं होतं. पाणी कुठून आणायच्या, नवरा मेला तर काय करायच्या. आम्ही मारुतीच्या देवळापर्यंत पोहोचलो. तिथं पारावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं की ती इतकी लांब आलीये.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

"आत्ता दुखतंय," ती म्हणाली. "मघाशी न्हाई दुखलं."

त्या दिवशी मला परीक्षक बाईंचं बोलणं पहिल्यांदा कळलं. आईचा गुडघा हीच माझी परीक्षा होती. माझं सांगणं कंटाळवाणं झालं की तिचा गुडघा दुखायचा. त्यात माणसं आली की दुखणं विसरायची. खोटं ती एका शब्दानेही बोलत नव्हती. तिला सांगताना तिच्या तोंडाकडे बघावंच लागायचं, कारण तिचा तोल जाईल म्हणून मी तिच्यासमोर उलटी चालत होते.

मग मी जरा लबाडी केली. एक जागा एका दिवशी, आणि पुढची जागा पुढे चालल्याशिवाय सांगायची नाही. देवळाच्या पुढे पाण्याची टाकी होती. ती झाली व्यापाऱ्यांचा मनोरा. त्यापुढे दूध डेअरी, ते झालं नदीकाठचं मिठाचं कोठार. तिथून ओढ्यापर्यंत गेलं की ओढ्यावरची छोटी मोरी, आणि मोरी म्हणजे दगडी पूल. मोरीवर उभं राहिलं की पलीकडे कांद्याच्या शेतांवरून रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसतात. रेगेन्सबुर्गात कुठूनही चर्चचे दोन मनोरे दिसतात, तशा. त्या तबकड्यांना आम्ही चर्च केलं.

मोरीपर्यंत पोहोचायला आईला तीन आठवडे लागले. तोवर वॉकर जाऊन काठी आली होती आणि काकी आमच्यात आली होती. आधी तिला वाटलं आम्ही दोघी घरातलं काही गुपचूप बोलतोय. दोन दिवस तिने मागून कानोसा घेतला, तिसऱ्या दिवशी चप्पल घालून सरळ शेजारी चालू लागली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. एकीची साखर वाढली होती. दुसरीला घरात करमत नव्हतं, सून आणि मुलगा चाकणला.

मोरीवर मी पुलाची गोष्ट सुरू केली. पूल बांधणाऱ्याने आणि चर्च बांधणाऱ्याने पैज लावली, कुणाचं आधी होतं बघू. पूलवाला मागे पडायला लागला तेव्हा त्याने सैतानाशी करार केला. पुलावरून पहिले जे तीन जीव जातील ते तुझे. पूल झाला, आणि त्याने पहिल्यांदा एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रा पलीकडे सोडला.

काकी मोरीच्या कठड्यावर हात मारून हसली. "म्हंजी त्यांचाबी म्हसोबा कोंबड्यावरच भागला म्हना की!"

आई हसली नाही. ती खाली ओढ्यातल्या पाण्याकडे बघत होती.

"सैतानाचं सोड," ती म्हणाली. "नदी केवढी हाय ती?"

"लई मोठी. बोटी चालतात."

"मंग पूल बांधताना नदीचं पानी कुठं ठिवलं?"

मला कमानी पाठ होत्या, बिशप पाठ होते. पाणी वाहत असताना नदीच्या मधोमध खांब कसे उभे केले, हा प्रश्न मला चार वर्षांत पडला नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगते.

"उद्या सांग," आई म्हणाली. "पर खरं सांग. सैतानानं धरलं व्हतं म्हनू नको."

घरी जाऊन मी बरोबर आणलेल्या टिपणांच्या वह्या काढल्या. उत्तर त्यातच होतं, एका ओळीत, जिच्याखाली मी रेघसुद्धा मारली नव्हती. ज्या वर्षी पुलाचं काम काढलं त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर कोरडा होता. नदी आटली होती. पात्र उघडं पडलं तेव्हा त्यांनी ओकच्या लाकडाचे खांब ठोकले, त्यांच्या आत दगड भरून बेटं केली आणि त्या बेटांवर पुलाचे पाय उभे केले.

दुसऱ्या दिवशी मोरीवर हे सांगितलं. आईने मान हलवली, जणू तिला वाटलंच होतं.

"दुष्काळात बांधला," ती म्हणाली. "आपल्याकडं बहात्तरच्या दुष्काळात तसंच व्हतं. माझी आई खडी फोडाया जायची. मी दहा वर्षांची, तिला भाकर घिऊन जायची. पानी न्हाई, पीक न्हाई, मानसं रिकामी. तवाच रस्तं झालं, तवाच तळी झाली. तिथंबी मानसं रिकामी असनार. शेतात काय न्हाई म्हनून नदीत उतरली असत्याल."

हे कुठल्याही टिपणात नव्हतं. आईचं म्हणणं शंभर टक्के खरं असेलच असं मी म्हणत नाही. पण त्या क्षणापासून मला पूल आठवला की आटलेल्या नदीत उतरलेली माणसं दिसायला लागली. आधी मला फक्त दगड दिसायचे.

जानेवारीच्या एका रविवारी लोणीहून मामा-मामी आईला बघायला आले. पिशवीत सफरचंदं, नारळ, बिस्किटांचे पुडे. पेशंट खाटेवर असेल अशा तयारीने चेहरा पाडूनच आले होते. चहा झाला. मामीने हळू आवाजात विचारलं, "लई त्रास हुतो का, वन्सं?"

आई उठली. काठी कोपऱ्यात होती, ती तिने घेतलीच नाही. "चला," ती म्हणाली, "तुमाला रेगेन्सबुर्ग दावते."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आईची भूल अजून उतरलीच नव्हती. मी चपला घातल्या आणि सगळ्यांच्या मागे चालू लागले.

फाटकाशी ती थांबली. सगळे जवळ येईपर्यंत बोलली नाही. मग वळून त्यांच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "सांगा पावणं, गाव भिताडाच्या आत वाढतं का भायेर?" मामा म्हणाले, आतच की. "न्हाई," आई म्हणाली, आणि भिंतीबाहेरच्या बायकांपासून तिने सुरुवात केली.

काकी आणि त्या दोघी वाटेत येऊन मिळाल्या. डेअरीवरचे दोघंतिघं मागे आले. टाकीपाशी आईने सांगितलं की श्रीमंत व्यापाऱ्यांनी असे उंच उंच मनोरे बांधले, एकापेक्षा एक.

"मंग तेवढ्या वर ऱ्हायचं कोन?" मामीने विचारलं.

"कुनीच न्हाई. शेजाऱ्याला दावाया बांधल्याला."

सगळ्यांच्या माना आपोआप रस्त्यापलीकडच्या नव्या तीनमजली बंगल्याकडे वळल्या. बंगल्याचा मालक घोळक्यातच होता. तोच सगळ्यांत मोठ्याने हसला.

मोरीवर तिने कोंबड्याची गोष्ट सांगितली, मग पाण्याचा प्रश्न टाकला, आणि उत्तर न देता गप्प उभी राहिली. मामा म्हणाले, बांध घातला असेल. कुणी म्हणालं, पंप लावले असतील. एकजण म्हणाला, कॅनॉल काढून पाणी वळवलं असेल. सगळे भांडायला लागले. आईने त्यांना पोटभर भांडू दिलं. मगच तिने कोरडा उन्हाळा सांगितला.

मी मागे उभी राहून बघत होते. तिला तिथला एकही सन माहीत नव्हता. ती त्या शहरात कधी गेली नव्हती, जाणार होती की नाही ठाऊक नव्हतं. तरी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला नदी दिसत होती. परत घरापर्यंत ती काठीशिवाय चालत आली. मामा लोणीला जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ताई येवढी बोलती हे आमाला साठ वर्षांत कळलं न्हाई राव."

मी रेगेन्सबुर्गला परतले आणि एप्रिलमध्ये माझी दुसरी परीक्षा झाली. त्या सकाळी आई आणि तिच्या मैत्रिणी ओझरच्या गणपतीला गेल्याचा फोटो मोबाइलवर आला होता. चौघीही पायरीवर ताठ उभ्या.

पिशवीतून माझी चिठ्ठी निघाली मनोऱ्याची. मी माणसांकडे तोंड केलं, मनोऱ्याकडे पाठ. तीन परीक्षक आणि बाकीचे चार उमेदवार. मी विचारलं, "तुमच्या शेजाऱ्याने घरावर एक मजला चढवला तर तुम्ही काय कराल?" एक परीक्षक हसले आणि म्हणाले, मी त्याच्याशी बोलणं बंद करीन. तिथून पुढे सगळं सोपं झालं.

मला वाटलं झालं. पण पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी तुमचा पूल राहिला होता. तो ऐकायला आवडेल."

आम्ही पुलावर गेलो. वारा होता, पाणी भरून वाहत होतं. मी मधोमध थांबले, सगळे गोळा होईपर्यंत थांबले, आणि त्यांना म्हटलं, "खाली बघा. आता सांगा, पूल बांधताना हे पाणी कुठं ठेवलं असेल?"

शहरातच जन्मलेला एक उमेदवार कठड्यावरून वाकून खरंच खाली बघायला लागला. सायकल हातात धरून चाललेला एक माणूस थांबला. दोन मुलांना घेऊन चाललेली बाई थांबली. मी घाई केली नाही. त्यांना अंदाज करू दिले. मग मी तो उन्हाळा सांगितला, आटलेली नदी सांगितली, ओकचे खांब सांगितले. आणि म्हटलं, आता जे सांगते ते कागदोपत्री नाही, पण जिथं दुष्काळ पडतो अशा गावातून मी आले आहे. माझी आजी दुष्काळात रस्त्यासाठी खडी फोडायची. शेतात काही उरलं नाही की माणसं जिथं काम मिळेल तिथं उतरतात. हा पूल बघताना मला त्यांचे हात दिसतात.

माझी वेळ केव्हाच संपली होती. घड्याळ धरलेल्या परीक्षकाने हात वर केला होता, पण बाईंनी तो हलकेच खाली केला. मी थांबले तेव्हा सायकलवाल्या माणसाने टाळ्या वाजवल्या. मग मुलांनी वाजवल्या, मग बाकीच्यांनी.

बाई जवळ आल्या. "हा प्रश्न तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाला?"

"आईने विचारला," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं मी या पुलावर माणसं आणतेय," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारला नाही." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. निकाल दुपारी लागणार होता, पण तो मला तिथंच कळला.

दुपारी मी पास झाल्याचा कागद हातात घेऊन, त्याच पुलाच्या टोकाला उभं राहून खोडदला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होत आली होती. आईने ऐकलं आणि आधी मोठ्याने काकीला हाक मारली, मग वडिलांना, मग डेअरीकडे चाललेल्या कुणाला तरी. पाच-सहा आवाज एकदम फोनवर आले. कुणीतरी नारळ फोडल्याचा आवाज झाला. वडील म्हणाले, "पेढे आणाया निघालोय," आणि लगेच मोटारसायकल सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी त्या गर्दीत भररस्त्यात रडत होते आणि हसत होते.

पुढच्या शनिवारी माझी पहिली फेरी होती. बावीस माणसं, त्यांत माझा नवरा सगळ्यांत मागे, अनोळखी असल्याचं नाटक करत. माझ्या गळ्यात ओळखपत्र. रोमन वेशीपासून पुलापर्यंत दीड तास ठरला होता, मला दोन तास लागले आणि एकही माणूस मधून गेला नाही.

रविवारी आईचा फोन आला. त्या आता सात जणी झाल्या होत्या आणि रोज सकाळी मोरीच्या पुढे, पार तबकड्यांच्या कुंपणापर्यंत जात होत्या.

"समद्यींचं रेगेन्सबुर्ग पाठ झालं," ती म्हणाली. "आता दुसरं गाव सांग. जरा लांबचं सांग, रस्ता वाढलाय."

मी तिला पासाऊबद्दल सांगितलं. त्याच नदीवर खाली, तिथं तीन नद्या मिळतात आणि प्रत्येकीच्या पाण्याचा रंग वेगळा असतो.

"तिन्हींचा रंग येगळा कशानं?" तिने लगेच विचारलं.

मी नवऱ्याला सांगितलं, आवर, पासाऊची गाडी पकडायचीय. आणि वही पिशवीत टाकली.